आजोबांची रॅले आणि जाम झालेली सीट

गेले तीन वीकेंड मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका सायकलशी भांडतोय. वॉचमन रोज विचारतो, "साहेब, झाली का?" मी रोज म्हणतो, "उद्या होईल." ऑफिसात मॅनेजरला जे उत्तर देतो तेच. :)

झालं असं की नारायण पेठेतला आमचा जुना वाडा यंदा पाडायला निघाला. जिन्याखालच्या अडगळीतून पितळेचे दोन हंडे, एक मोडका पाळणा आणि आजोबांची सायकल निघाली. हंडे आत्याने नेले. सायकलकडे बघून बाबा म्हणाले, "भंगारात दे. काही हलत नाही तिचं." खरंच हलत नव्हतं. पायडल फिरेना, हँडल वळेना, सीट खाली-वर होईना. पण हँडलखालच्या नळीवर बगळ्याचा बिल्ला होता, चेनव्हीलमध्येही बगळ्यांचे आकार कापलेले होते आणि बिल्ल्यावर पुसटसं 'नॉटिंगहॅम, इंग्लंड' वाचता येत होतं. मी टेम्पोवाल्याला सांगितलं, हे कोथरूडला.

पहिला शनिवार पूर्ण वाया गेला. डावं पायडल काढायला बसलो. पाना लावला, नेहमीप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेला जोर दिला. ढिम्म. पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवला आणि त्यावर जवळजवळ उभा राहिलो. ढिम्म. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी ते सोडवत नव्हतो, आवळत होतो. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात. हे शाळेत असताना आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी दहा वेळा सांगितलं होतं. पंधरा वर्षं कीबोर्ड बडवल्यावर ते विसरलो.

उलटे आटे का, हे मात्र काकांनी सांगितलं नव्हतं. तुम्ही घरबसल्या एक प्रयोग करा. मूठ जरा सैल ठेवून त्यात एक पेन्सिल उभी धरा आणि दुसऱ्या हाताने तिचं वरचं टोक गोल फिरवा. टोक ज्या दिशेने गोल जातं, पेन्सिल स्वतःभोवती त्याच्या उलट दिशेने गडगडते. पायडलचा दांडा क्रँकच्या भोकात असाच बसलेला असतो. आपण पाय दाबतो तो कायम खालीच, पण क्रँक फिरते, त्यामुळे दांड्याच्या दृष्टीने तो दाब त्याच्याभोवती गोल फिरतो. आट्यांमध्ये केसाएवढी फट असली तरी दांडा भोकात पेन्सिलीसारखा सरकत राहतो. दोन्ही बाजूंना सरळ आटे ठेवले तर डावं पायडल चालता चालता सुटून रस्त्यावर पडेल. म्हणून डावीकडे उलटे आटे.

अमेरिकेत डेटन गावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी १९०० साली आपल्या सायकलींची जाहिरात करताना 'न सुटणारी पायडलं' म्हणून हीच गोष्ट मिरवली होती. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट. तीन वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ ला, त्यांनी जे विमान उडवलं त्याचे दोन पंखे सायकलसारख्या चेनने फिरत होते. एक चेन त्यांनी मुद्दाम पीळ देऊन बसवली होती, म्हणजे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतील. डाव्या-उजव्याचा विचार त्यांच्या हातातच बसला असणार. माझ्या नव्हता.

*

आता या सायकलबद्दल. रॅले हे नाव नॉटिंगहॅममधल्या एका रस्त्याचं. रॅले स्ट्रीटवर एक छोटं वर्कशॉप होतं, आठवड्याला तीन सायकली बनवणारं. फ्रँक बाउडन नावाच्या गृहस्थाने हाँगकाँगमध्ये पैसा कमावला आणि तब्येत बिघडवून घेतली. डॉक्टरने सायकल चालवायला सांगितलं, तब्येत सुधारली, आणि १८८७ मध्ये बाउडनने ते वर्कशॉपच विकत घेतलं. पुढे ती जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल कंपन्यांपैकी एक झाली.

त्या कारखान्यात काम कसं चालायचं हे वाचायचं असेल तर अ‍ॅलन सिलिटोची 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' ही १९५८ ची कादंबरी आहे. सिलिटो स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडून रॅलेत कामाला लागला होता. कादंबरीचा नायक सायकलच्या कारखान्यात लेथवर उभा राहून दिवसभर तेच ते पार्ट कापतो, नगावर पैसे. आजोबांच्या सायकलचा एक एक आटा अशाच कोणीतरी कापलेला आहे. २००२ मध्ये नॉटिंगहॅमला सायकली बनणं बंद झालं. कारखान्याच्या जागेच्या एका भागावर आता विद्यापीठ आहे.

आजोबांनी ही सायकल १९५४ ला घेतली. ते खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कारकून होते. नारायण पेठ ते खडकी आणि परत, रोज. आजी सांगायची की सायकलीपायी दोन दिवाळ्या नवीन कपडे झाले नाहीत. त्या काळात आपल्याकडेही सायकलचे कारखाने उभे राहत होते. मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ पासून, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ पासून, आसनसोलला सेन-रॅले, आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. डिझाइन सगळ्यांनी एकच धरलं, तीच इंग्लिश काळी घोडी. अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, आणि क्रँकला कॉटर. इंग्लंडमध्ये ते डिझाइन मागे पडलं. आपल्याकडे दूधवाल्याच्या आणि सिलिंडरवाल्याच्या सायकलीत ते कितीतरी वर्षं चालू राहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर संपूर्ण बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. त्याचा फायदा मला दुसऱ्या शनिवारी झाला.

*

दुसऱ्या शनिवारी कॉटर. ज्यांनी कधी कॉटर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रँक म्हणजे पायडलचा दांडा. तो मधल्या एक्सलवर बसतो आणि घसरू नये म्हणून दोघांमधून एक बोटभर लांबीची पोलादी पाचर आरपार ठोकतात. पाचरेची एक बाजू तिरपी तासलेली असते, ती एक्सलच्या खाचेवर घट्ट बसते. हाच कॉटर. खालच्या बाजूला छोटा नट असतो, पण पकड असते ती ठोकण्यामुळे. नट फक्त पाचर मागे येऊ देत नाही.

सगळ्यांना वाटतं की ही अडाणी पद्धत आहे. फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट कंपनीने १९३३ सालीच कॉटर नसलेली क्रँक बाजारात आणली होती. पण ती काढायला खास पुलर लागतो. कॉटरला एक हातोडा आणि खाली टेकवायला एक लाकडाचा ठोकळा पुरतो, आणि हे दोन्ही कुठल्याही गावच्या सुताराकडे असतात. म्हणून तो टिकला.

काढताना मात्र युक्ती आहे. नट पूर्ण काढायचा नाही, आट्यांच्या टोकाशी समतल येईपर्यंत ढिला करायचा, म्हणजे हातोड्याने आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली पक्का आधार द्यायचा. आणि मग एकच, पण मनापासून घाव. दहा हलके घाव घातले तर कॉटरचं डोकं मशरूमसारखं पसरतं आणि मग तो कधीच निघत नाही. शिवाय आधार नसेल तर प्रत्येक घाव आतल्या छर्‍यांवर जातो आणि वाटीत खड्डे पडतात. मी आधी चार हलके घातलेच. मग सायकलवाले काका आठवले (ते आता थकलेत, दुकान मुलाने मोबाइल रिपेअरिंगचं केलंय). त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, घाबरत मारलास की बिघडतं. दोन दिवस रॉकेल सोड आणि एकदाच मार."

रॉकेल! आमच्या लहानपणी प्रत्येक अडकलेल्या गोष्टीवर तेच औषध होतं. सायकल 'ओव्हरऑइल' करायची म्हणजे सगळे पार्ट रॉकेलच्या ताटलीत. (ओव्हरहॉलचं ओव्हरऑइल कोणी केलं माहीत नाही, पण अर्थाला जास्त चपखल बसतं.) आता घरात रॉकेल येतच नाही, म्हणून मी डब्ल्यूडी-४० चा डबा आणला. तो १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून बनवला होता. पाणी हटवणारं द्रावण, चाळिसावा प्रयत्न, म्हणून ते नाव. त्या क्षेपणास्त्राचं नाव अ‍ॅटलस! आमच्या शेजारच्यांच्या सायकलचंही तेच होतं. पण ते मुळात पाणी हटवायला बनलेलं. जुनाट गंजात झिरपायला त्याहून पातळ आणि हळू उडणारं तेल बरं. शेवटी बोहरी आळीतून गंज सोडवायचं तेल आणलं, दोन दिवस सोडत राहिलो आणि एक घाव घातला. टण्ण. कॉटर फरशीवर.

नवीन कॉटर कोपऱ्यावरच्या दुकानात किरकोळ पैशात मिळाला, आणि १९५४ च्या नॉटिंगहॅमच्या क्रँकमध्ये कानशीचे चार हात मारल्यावर बरोबर बसला.

मधल्या वाट्यांच्या बाबतीत मात्र मी सावध होतो. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडला सांगितलं की सगळ्यांनी एकाच मापाचे आटे कापा, ५५ अंशाचे. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा असायचा. सायकलच्या पातळ नळ्यांना व्हिटवर्थचे जाड आटे चालेनात, म्हणून १९०२ मध्ये सायकल इंजिनिअरांच्या संस्थेने ६० अंशाचे बारीक आटे ठरवले. बाकीच्या इंग्लिश कंपन्या मधल्या वाटीला इंचाला २४ आटे कापत. रॅले मात्र कापायची २६. दुसऱ्या कंपनीची वाटी फिरवली की एक-दीड फेऱ्यात जाम, आणि जोर केलात तर फ्रेमचे आटे कायमचे गेले. स्टँडर्ड असूनही आपलं वेगळं घोडं दामटणाऱ्या कंपन्या फक्त आमच्याच धंद्यात असतात असं मला वाटायचं. म्हणून चेनच्या बाजूची वाटी मी काढलीच नाही, तिला तर आटेही उलटे. फक्त डावीकडची काढली, छर्रे धुतले, आणि आता सीटच्या नळीत खालून बघायला वाट झाली.

*

सीट. आमच्या घरात या सीटचा एक इतिहास आहे.

बाबा सायकल शिकले १९६३ मध्ये, दहा वर्षांचे असताना. आजोबा पावणेसहा फूट. सीट त्यांच्या मापाची. बाबांनी मागे लागून लागून सांगितलं, सीट खाली करा. आजोबा म्हणाले, "आधी उंच हो. मग बस." झालं, विषय संपला. बाबा पुढची चार वर्षं मधून पाय घालून हाफ पायडल मारत राहिले. पेठेतल्या इतर मुलांचे वडील सीट खाली करून द्यायचे. बाबा हा किस्सा दर दिवाळीला हसत सांगतात, पण 'उंच हो'पाशी त्यांचं हसू दर वेळी थोडं कमी होतं. मी दहा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी मला नवी कोरी छोटी सायकल आणली होती, न मागता. त्याचा अर्थ मला आता लागतोय.

सीटची नळी फ्रेमच्या नळीत अशी बसली होती की जणू जोडच नाही. वरून तेल सोडलं, सायकल उलटी टांगून खालून सोडलं. उलटी केली तेव्हा खालच्या भोकातून वर्तमानपत्रावर काहीतरी सांडलं. मूठभर बारीक, राखाडी, कोरडी माती.

बाबा पार्किंगमध्ये स्टुलावर बसले होते. त्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, "पानशेत."

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं अर्धवट बांधलेलं मातीचं धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या १८७९ च्या दगडी धरणावर आलं, आणि त्याच दिवशी तेही फुटलं. नदीकाठच्या पेठांमध्ये वाडेच्या वाडे पडले. खडकवासला गेल्यामुळे, पुरात बुडालेल्या शहराला पुढे प्यायला नळाचं पाणी नव्हतं. आमचा वाडा उभा राहिला, पण खालचा मजला पाण्याखाली गेला आणि जिन्याखालची सायकलही. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. आजीबरोबर ते पर्वतीच्या बाजूला नातेवाइकांकडे गेले होते. परत आले तेव्हा चौकात गुडघाभर गाळ होता आणि आजोबा बादल्यांनी तो उपसत होते.

सायकल त्यांनी धुतली असणारच, दुसरं वाहन नव्हतं. छर्रे बदलले, चेन बदलली. पण सीटच्या नळीत गेलेलं गढूळ पाणी तिथेच राहिलं. लोखंडाला ओलावा आणि हवा मिळाली की गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. दोन नळ्यांमध्ये कागदाएवढी फट. ती गंजाने भरली, मग गंज दोन्हीकडे रेटत राहिला. हे काम दोन वर्षांत सहज होतं. १९६१ ते १९६३.

हा हिशोब मी तेव्हा केला नव्हता. मला फक्त सीट काढायची होती.

तिसऱ्या शनिवारी सायकल धायरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे नेली, कारण त्याच्याकडे भिंतीएवढा जड शिकंजा आहे. युक्ती अशी की सीटची नळी शिकंज्यात आवळायची आणि सायकलच फिरवायची. पान्याचा दांडा असतो वीतभर. सायकलची फ्रेम म्हणजे दोन फुटांचा दांडा, आणि दोन्ही बाजूंनी दोन माणसं लावता येतात. नळीच्या गुळगुळीत पोलादावरून शिकंजा घसरू नये म्हणून त्या पोराने आधी वरचा काळा रंग खरवडला. रंगाचे थर पुष्कळ. आजोबा दर खंडेनवमीला सायकलला एनॅमल पेंटचा हात मारायचे, अगदी सीटच्या दांडीलाही.

रंगाखाली दात उमटलेले होते.

पाइप पान्याचे दात. फ्रेमच्या अगदी वर, दोन्ही बाजूंनी, खोल. एकदा नाही, तीन-चार ठिकाणी. पाना घसरून धातू ओढला गेल्याचे लांब ओरखडे. तो पोरगा म्हणाला, "आधी कोणीतरी लई ताकद लावलीय हिला." बाबा पुढे आले, चष्मा वर केला आणि त्या खुणांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होते.

आजोबांनी स्वतः केलं की पेठेतल्या सायकलवाल्याकडून करवून घेतलं, कळायला मार्ग नाही. पण सीट खाली करण्याचा जोरदार प्रयत्न झाला होता, तो फसला होता, आणि पहिल्या काही थरांमध्येच त्या खुणा रंगाखाली गेल्या होत्या. मुलाला "निघत नाहीये रे, मला जमत नाहीये" असं सांगण्यापेक्षा "उंच हो" सांगणं त्यांना सोपं गेलं असावं. त्या पिढीतल्या बापांची ही पद्धत. आमच्यातही ती फार बदललीय असं नाही, आम्ही "मीटिंगमध्ये आहे" म्हणतो.

"लाव," बाबा म्हणाले. मी हँडलकडून धरलं, बाबांनी मागचं चाक. सत्तरी ओलांडलेला माणूस, मी म्हटलं तुम्ही राहू द्या. ऐकलं नाही. पोराने फ्रेमचं तोंड हीट गनने तापवलं, म्हणजे बाहेरची नळी आधी फुगेल आणि आतलीला सोडेल. तेल धुरावलं. आम्ही रेटलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा जुन्या दरवाजाच्या बिजागरीसारखा एक लांब कर्रर्र आवाज आला आणि सायकल सुतभर फिरली. मग मागे, मग पुढे, तेल, परत मागे. वीस मिनिटांनी नळी तांबडी भुकटी सांडत बाहेर आली.

*

सीट परत बसवताना नळीला ग्रीस चोपडलं. हेच खरं काम आहे, बाकी सगळा तमाशा ते न केल्याचा. सायकल ही मुळात उघडण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. पाचर, वाटी, नळी, प्रत्येक जोड साध्या हत्याराने सुटतो, अट एवढीच की वर्षातून एकदा तो सोडवून पाहावा. माझ्या नव्या सायकलच्या सीलबंद बेअरिंगला मी कधी हातच लावणार नाही, खराब झालं की फेकून नवीन.

किती उंच ठेवू विचारलं. बाबा आता आजोबांएवढे नाहीत, वयाने थोडे वाकलेतही. म्हणाले, "चार बोटं खाली." दांडी खाली सरकवली तसे ते दातांचे ओरखडे हळूहळू फ्रेमच्या नळीत जायला लागले. मी थांबलो. म्हटलं, "बाबा, खुणा आत जातील."

"जाऊ दे आत," ते म्हणाले, आणि सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघू लागले.

टेकले. पुढच्या वीकेंडला ब्रेकचे दांडे. तेही जाम आहेत.